पुढचा पाय कधी, कुठे आणि किती टाकायचा? बेसबॉल बॅटिंगवर वाचकांचे प्रश्न

या वेळी बेसबॉल-सॉफ्टबॉलचे जेवढे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त स्ट्राइडवर आहेत, म्हणजे पिचर बॉल टाकत असताना बॅटर पुढचा पाय उचलून जे छोटं पाऊल टाकतो त्यावर. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत आणि हा अख्खा कॉलम त्या एका पावलाला दिलाय. उत्तरांमध्ये मी उजव्या हाताचा बॅटर धरलाय, म्हणजे पुढचा पाय डावा. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.

प्रश्न: माझा मुलगा 10 वर्षांचा आहे, लिटल लीगमध्ये खेळतो. मी स्वतः कधी बेसबॉल खेळलेलो नाही, सगळं त्याच्याबरोबरच शिकतोय. त्याचा एक कोच ओरडतो "लवकर पाय टाक", दुसरा म्हणतो "पुढे पडू नकोस". तो भलं मोठं पाऊल टाकून सगळा जोर लावतो, पण बॉल बॅटला लागला तरी टुकूटुकू शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फील्डरकडे) जातो. नक्की कोणाचं ऐकायचं?
(एक बाबा, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: दोघांचंही ऐका, कारण दोघंही बरोबर आहेत, फक्त एक वेळेबद्दल बोलतोय आणि दुसरा वजनाबद्दल, आणि मुलाला मात्र दोन्ही मिळून "पुढे जा" आणि "पुढे जाऊ नको" असं ऐकू येतंय, त्यामुळे तो बिचारा गोंधळणारच.

आधी एक गोष्ट पक्की करू या. स्ट्राइड वेगळा आणि स्विंग वेगळा. पाय टाकणं ही तयारी आहे, मारणं त्याच्यानंतर सुरू होतं. तुमचा मुलगा बहुतेक दोन्ही एकदम करतोय, पाय पडतोय त्याच क्षणी बॅटही निघतेय, आणि शरीराचं सगळं वजन त्या पायाबरोबर पुढे जाऊन पडतंय. एकदा वजन पुढच्या पायावर गेलं की कंबर फिरवायला मागे काही शिल्लकच राहात नाही, मग उरतात फक्त हात. नुसत्या हाताने मारलेला बॉल कसा जातो ते तुम्ही लिहिलंच आहे.

आता वेळेचं. लिटल लीगच्या मेजर गटात, म्हणजे साधारण त्याच्याच वयाच्या मुलांच्या गटात, पिचिंगचं अंतर 46 फूट असतं. समजा समोरचा मुलगा ताशी 50 मैलांनी टाकतोय, तर हातातून सुटल्यापासून बॉल प्लेटवर (बॅटरसमोर जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पाटीवर) यायला अर्ध्या सेकंदापेक्षा जरासाच जास्त वेळ लागतो. मोठ्यांच्या खेळात अंतर 60 फूट 6 इंच (हे 1893 पासून असंच आहे) आणि वेग 90 च्या पुढे, तिथे साधारण 0.4 सेकंद मिळतात. त्यातले जवळपास 0.15 सेकंद बॅट फिरायलाच जातात. म्हणजे बॉल कसा आहे, मारायचा की सोडायचा, हे ठरवायला जेमतेम पाव सेकंद. या पाव सेकंदात पाय हवेत असला तर डोकं हलत असतं, डोकं हललं की डोळे हलतात, आणि हलत्या डोळ्यांनी बॉल बघणं म्हणजे चालत्या एसटीतून पाटी वाचण्यासारखं आहे. म्हणून पाय लवकर खाली हवा, बॉल अर्ध्या वाटेवर यायच्या आधीच. पहिले कोच हेच सांगतायत.

कसा पडायला हवा ते सांगते. पिचर त्याचा पुढचा पाय उचलतो तेव्हा तुमच्या मुलाने वजन थोडं मागच्या मांडीत घ्यायचं, फार नाही, मागची मांडी जराशी ताणली गेलीय असं वाटलं पाहिजे. पिचरचा हात पुढे यायला लागला की पाय उचलायचा, जमिनीपासून अगदी थोडा, आणि सरळ पिचरच्या दिशेने साधारण एक वीत पुढे टाकायचा. 10 वर्षांच्या मुलाला त्याच्याच हाताची एक वीत पुष्कळ झाली. पडताना आधी चवड्याची आतली बाजू टेकते, टाच अजून किंचित वर. पाऊल पूर्ण प्लेटकडे नाही आणि पूर्ण पिचरकडेही नाही, मधल्या तिरक्या कोनात. गुडघा थोडा वाकलेला. आणि या क्षणी निम्म्याहून जास्त वजन अजून मागच्याच पायावर. त्यानंतर टाच खाली दाबली जाते आणि तिथून स्विंग सुरू होतो: कंबर फिरते, तिच्या मागून छाती, त्यांच्या मागून हात. बॅट बॉलला लागते त्या वेळी पुढचा पाय जवळजवळ ताठ झालेला असतो, तो ताठ पाय म्हणजे ब्रेक, पुढे जाणारं शरीर तिथे अडतं आणि सगळी गती फिरण्यात जाते.

घरी बघायचं एकच. फोनवर स्लो मोशनमध्ये बाजूने व्हिडिओ काढा आणि पाय टेकतो ती फ्रेम थांबवा. त्या फ्रेममध्ये त्याचं डोकं दोन पायांच्या साधारण मधोमध आहे का, की पुढच्या गुडघ्याच्या वर गेलंय? गुडघ्यावर गेलं असेल तर दुसरे कोच बरोबर. त्याला "पुढे पडू नको" असं मात्र सांगू नका, मुलांना "नको" वाले निरोप शरीरात उतरवता येत नाहीत. "पाय हळू ठेव, मग मार" एवढंच म्हणा आणि पुढचे काही दिवस बॉल कुठे गेला याबद्दल एक अक्षर बोलू नका.

प्रश्न: मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. शाळेपासून क्लब क्रिकेट खेळलोय, या वर्षी कॉलेजच्या बेसबॉल टीममध्ये घेतलं. फास्ट बॉलिंगची सवय आहे त्यामुळे स्पीडची भीती नाही, पण कोच म्हणतात की माझा पाय दर बॉलला वेगळीकडे जातो. बाहेरचा बॉल आला की पाय प्लेटवर आडवा जातो आणि आतला आला की हात अडकतात. क्रिकेटमध्ये तर पाय बॉलकडेच न्यायला शिकवतात ना?
(क्रिकेटवाला, पुणे)

उत्तर: हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण आपल्याकडून बेसबॉलला येणारी बहुतेक मुलं इथेच अडकतात आणि कोणी नीट कारण सांगत नाही, नुसतं "क्रिकेट विसर" म्हणतात. विसरायची काही गरज नाहीये, फक्त फरक कुठे आहे ते कळलं पाहिजे.

अंतरात फारसा फरक नाही. क्रिकेटच्या दोन पॉपिंग क्रीझमध्ये 58 फूट, इथे प्लेटपर्यंत साडेसाठ. फरक टप्प्याचा आहे. क्रिकेटमध्ये बॉल जमिनीवर पडतो, आणि कुठे पडणार हे हाताबाहेर पडल्यावर लगेच दिसायला लागतं, तू लेंथ वाचतोस आणि मग पाय टप्प्याकडे नेतोस, म्हणजे आधी बॉल आणि मग पाय. सरळ बॅट, समोर सव्वाचार इंच रुंद सपाट पातं, पाय बॉलजवळ गेला की बॅट आणि पॅडमधली फट बंद होते, डोकं बॉलवर येतं, सगळं बरोबर.

बेसबॉलमध्ये टप्पाच नाही. आणि मुख्य म्हणजे पाय निघतो तेव्हा बॉल बहुतेक वेळा पिचरच्या हातातच असतो, किंवा नुकता सुटलेला असतो. मग आत येणार की बाहेर हे कळायच्या आधी निघालेला पाय "बॉलकडे" जाणार कसा? तू अंदाज करतोयस, आणि मधेच हवेत दिशा बदलतोयस. इथे पाय कायम एकाच ठिकाणी पडतो, पिचरच्या दिशेने, बॉल कुठलाही असो. आत आणि बाहेर याचा हिशोब कंबर आणि हात करतात: आतल्या बॉलला कंबर लवकर पूर्ण फिरते आणि बॉल प्लेटच्या बराच पुढे लागतो, बाहेरच्याला बॉल आत येऊ द्यायचा, थोडा उशिरा मारायचा, तो उजवीकडे जाऊ दे.

पाय प्लेटवर आडवा गेला की काय होतं तेही सांगते. तुझी डावी कंबर स्वतःच्याच पायाने अडवली जाते, दार उघडायला जागाच नाही. मग आतल्या बॉलवर हात अंगाला चिकटून येतात आणि बॅटच्या मुठीजवळ बॉल लागतो, तळहातात जी झिणझिणी येते ती तुला आता ओळखीची झालीच असेल. बॅट गोल आहे, जाडीला जास्तीत जास्त 2.61 इंच, आणि त्यातही चांगला भाग काही इंचांचाच, त्यामुळे क्रिकेटसारखं कडेला लागून फाइन लेगला चार रन असलं काही इथे मिळत नाही.

आता करायचं काय. मैदानावर रेषा मारायची फक्की असतेच, तुझ्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांना लागून पिचरकडे जाणारी एक सरळ रेघ ओढ. टीवर (बॉल ठेवायच्या उभ्या दांडीवर) बॉल ठेव, कधी आतल्या कोपऱ्यावर, कधी मधे, कधी बाहेर, आणि प्रत्येक वेळी अंगठा त्याच रेघेवर पडला पाहिजे. तिन्ही जागांचे बॉल मारून झाल्यावर जमिनीवर पायाचा एकच ठसा दिसला पाहिजे, तीन नाही. मग कोणाला तरी बाजूने बॉल उडवायला सांग, जागा न सांगता. क्रिकेटने तुला एक मोठी गोष्ट दिलीय, बॉल डोळ्याने शेवटपर्यंत बघायची सवय, ती इथे आलेल्या नवीन मुलांना यायला वर्ष लागतं. आणि क्रिकेटमधली ट्रिगर मूव्हमेंट, बॉलर टाकायच्या आधी जी छोटी हालचाल करतोस, ती आठव. स्ट्राइड त्या हालचालीचा भाऊ आहे, फ्रंट फूट ड्राइव्हचा नाही.

प्रश्न: ताई, मी नववीत आहे, शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये खेळते. दोन महिन्यांपूर्वी बॉल कोपराला लागला होता. आता बरं आहे पण तेव्हापासून माझा पाय आपोआप मागे, थर्ड बेसकडे जातो. सर ओरडतात. मला माहितीये की चुकतंय तरी पाय जातोच.
(एक खेळाडू, जळगाव)

उत्तर: अगं, पाय जातोय कारण तुझं शरीर तुला वाचवतंय, ते त्याचं कामच आहे. ओरडून ते थांबत नसतं, आणि सरांना हे उत्तर दाखवलंस तरी चालेल.

इंग्रजीत याला बादलीत पाय टाकणं म्हणतात आणि ही गोष्ट खेळाइतकीच जुनी आहे. गंमत म्हणजे अमेरिकेत अल सिमन्स नावाचा बॅटर होता, 1920 आणि 30 च्या दशकात फिलाडेल्फियाकडून खेळायचा, त्याचा पाय कायम थर्ड बेसकडे जायचा, लोकांनी त्याचं नावच "बकेटफूट अल" पाडलं, आणि त्याची आयुष्यभराची सरासरी आहे .334 (साधारण दर तीन वेळांना एक यशस्वी फटका, म्हणजे उत्तमच), बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये आहे तो. म्हणजे नुसता पाय बाहेर गेल्याने सगळं संपत नाही. पायाबरोबर खांदा, डोकं आणि कंबरही बाहेर गेली तर मात्र बाहेरच्या कोपऱ्यावरचा बॉल बॅटच्या टोकालाही लागत नाही. तुझ्या बाबतीत भीतीमुळे सगळंच एकदम उघडत असणार.

पहिलं काम पायाचं नाही, वळायचं. आपल्या अंगावर बॉल आला तर काय करायचं हे शरीराला माहीत नाहीये म्हणून ते आधीच पळतंय. मैत्रिणीला टेनिस बॉल घेऊन थोड्या अंतरावर उभं कर आणि मुद्दाम तुझ्या अंगावर टाकायला सांग. तू प्लेटकडे, म्हणजे आतल्या बाजूला वळायचंस, डावा खांदा आत, हनुवटी छातीकडे, पाठ बॉलला, बॅट खाली. लागू दे दोन-चार, टेनिस बॉलच आहे. हे रोज थोडं कर. एकदा "आला तर मी वळेन" हे पक्कं झालं की पाय पळायची घाई कमी होते.

त्यानंतर पायाचं. पुढच्या पायाच्या टाचेमागे जमिनीवर एक सुतळी आडवी टाक, पाय पडताना सुतळीला लागला नाही पाहिजे. काही जणी वीट किंवा लाकडाची फळी ठेवतात, ते अजिबात करू नकोस, घोटा मुरगळतो. आणि प्लेटपासून लांब उभी राहायला लागली असशील तर आधी बघ की बॅट बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत पोचते का, नसेल पोचत तर पाय कितीही सरळ पडला तरी उपयोग नाही. कोपराला गार्ड लाव, त्यात लाज कसली, मोठमोठे खेळाडू लावतात. हेल्मेटशिवाय तर नेटमध्येसुद्धा जायचं नाही. आणि एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर मला परत लिही.

प्रश्न: मी 13 वर्षांचा आहे, टोरांटोत राहतो, हे माझी आजी टाइप करतेय. मला मोठा लेग किक (पुढचा पाय उंच उचलणं) करायचाय पण कोच म्हणतात टो टॅप (चवडा नुसता जमिनीला टेकवणं) कर. ओहतानी पण लेग किक करत नाही म्हणतात. मग कोणता स्ट्राइड सगळ्यात पॉवरफुल?
(आजी आणि नातू, टोरांटो)

उत्तर: आजींना नमस्कार, टायपिंगबद्दल खास आभार.

शोहेई ओहतानी 2018 मध्ये जपानहून अमेरिकेत आला तेव्हा पाय उचलूनच मारायचा. सीझनच्या आधीच्या सराव सामन्यांत त्याला तिथल्या पिचरांची वेळच जमेना, तेव्हा अगदी सीझनच्या तोंडावर त्याने पाय उचलणं बंद केलं, पुढच्या पायाचा चवडा जमिनीवरच ठेवून टाच फक्त उचलायची आणि टेकवायची एवढंच ठेवलं. त्या वर्षी त्याने 22 होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखे मैदानाबाहेर मारलेले बॉल) मारले आणि अमेरिकन लीगचा रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू झाला. 2024 मध्ये 54 होमरन. म्हणजे पाय न उचलता पॉवर येते, याहून मोठा पुरावा काय द्यायचा. अल्बर्ट पुहोल्सचं पण तसंच, पाय आधीच लांब फाकवून उभा राहायचा, स्ट्राइड जवळपास नाहीच, आणि एकूण होमरन 703.

पण दुसरी बाजू पण ऐक. तुझ्याच शहरातला होसे बाउटिस्टा, 2009 मध्ये 13 होमरन, 2010 मध्ये 54! त्याचा लेग किक मोठा होता हे सगळ्यांनी पाहिलं, पण खरी बदललेली गोष्ट होती सुरुवातीची वेळ, ब्लू जेज या टोरांटोच्या टीमच्या कोचांनी त्याला खूप आधी सुरू करायला लावलं, इतकं आधी की त्यालाच सुरुवातीला विचित्र वाटावं. पाय मोठा उचलला आणि उशिरा सुरू केलं तर काही खरं नाही. आणि सादाहारू ओ. जपानमध्ये 868 होमरन. 1959 ला योमिउरी जायंट्सकडे आला, पहिली काही वर्षं साधारणच गेली. 1962 मध्ये हिरोशी अराकावा या कोचने त्याला एका पायावर उभं केलं, उजवा पाय पोटापर्यंत उचलून फ्लेमिंगो पक्ष्यासारखा, आणि त्याच वर्षी 38 होमरन मारून तो लीगमध्ये पहिला आला. यातली लोकांना माहीत नसलेली गोष्ट सांगते: तो पाय पॉवर वाढवायला उचललेला नव्हता. ओच्या हातांना स्विंगच्या आधी खाली-वर करायची खोड होती, ती मोडायला एका पायावर उभं केलं, कारण एका पायावर तोल सांभाळायचा असेल तर हातांना चाळे करता येत नाहीत. त्यासाठी त्यांनी आयकिडोचा सराव केला, टांगलेला कागद तलवारीने कापायचा सराव केला, कित्येक महिने. ते सगळं सोडून नुसता पाय उचलला तर काय मिळणार?

तेव्हा सगळ्यात पॉवरफुल असा कोणता स्ट्राइड नाही. चौघांचे फोटो पाय टेकलेल्या क्षणी थांबवून शेजारी शेजारी ठेव, तिथे ते बरेचसे सारखे दिसतात: वजन मागे, हात मागे, डोकं शांत, पाय जमिनीवर. तिथपर्यंत यायचे रस्ते वेगळे.

तुझ्यासाठी माझं मत स्पष्ट आहे, कोचचं ऐक. 13 व्या वर्षी उंची भराभर वाढत असते, गेल्या महिन्यात जमलेला तोल या महिन्यात जमत नाही, त्यात एका पायावर उभं राहणं म्हणजे आणखी एक भानगड. एक परीक्षा देते: आरशासमोर बॅट घेऊन पुढचा पाय मांडीएवढा उचल आणि सावकाश पाच आकडे मोज. डोकं न हलता, हात न हलता उभा राहिलास, रोज, महिनाभर, तर मला सांग, मग लेग किकचा विचार करू. पिचर तुझ्यासाठी पाच आकडे थांबणार नाही हे खरं, पण ज्याला उभं राहता येत नाही त्याला त्यातून मारताही येत नाही.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, मैदान आहे पण साहित्य कमी. तीस मुलं, दोन-तीन बॅट, आठवड्यातून काही तास. मशीन नाही, नेट नाही. एवढ्यात स्ट्राइड शिकवता येईल का? आणि मुलांचे हात पायाबरोबर पुढे येतात, ते कसं थांबवायचं?
(क्रीडाशिक्षक, सोलापूर जिल्हा)

उत्तर: सर, स्ट्राइड ही अशी गोष्ट आहे की तिला बॅट लागतच नाही, त्यामुळे तुमची तीसही मुलं एकाच वेळी शिकू शकतात. ओळीत उभी करा, हात छातीवर कैची करून. तुम्ही समोर पिचर व्हा, खोटा बॉल टाका. तुम्ही पाय उचलला की त्यांनी वजन मागे घ्यायचं, तुमचा हात पुढे आला की पाय टाकायचा आणि तिथेच थांबायचं, पुतळा. मग तुम्ही ओळीतून फिरा आणि एकेकाच्या पुढच्या पायाची टाच हळूच उचलून बघा. सहज उचलली गेली तर वजन मागे आहे, उचलता येत नसेल तर तो पुढे पडलाय. मुलांना हे फार आवडतं, एकमेकांचे पाय तपासायला लागतात. पाय कसा ठेवायचा हे तुमच्याकडच्या मुलांना एका वाक्यात कळेल: नुकतंच सारवलेल्या अंगणात पाय ठेवावा लागला तर जसा ठेवू तसा, ठसा न उमटवता.

दुसरा टप्पा, खोटा बॉल टाकताना मधेच "नाही" म्हणा. "नाही" म्हटलं तरी पाय पडायलाच हवा, फक्त कंबर फिरायची नाही. हे करून घ्याच, कारण मुलांच्या डोक्यात असतं की पाय टाकला म्हणजे मारायलाच पाहिजे. चांगला बॅटर प्रत्येक बॉलला पाय टाकतो, सोडलेल्या बॉललासुद्धा.

हातांचं तुम्ही बरोबर पकडलंत. पाय पुढे जातो त्या वेळी हात किंचित मागे गेले पाहिजेत, किमान जागेवर तरी राहिले पाहिजेत, या दोघांमधल्या ताणातूनच बॅटला वेग येतो. जोडीदाराला बॅटरच्या मागे, पण नीट लांब, उभं करा आणि बॅटच्या टोकाला बांधलेली एक सुती दोरी त्याच्या हातात द्या, दोरी सैलही नाही आणि ओढलेलीही नाही. पाय पडेपर्यंत दोरी ताणली गेली नाही पाहिजे... ताणली तर हात पुढे गेले. ही फक्त पाय टाकण्याची कसरत आहे, दोरी बांधलेली असताना स्विंग अजिबात करायचा नाही.

टी विकत घेऊ नका. रस्त्यावर ठेवतात तसल्या प्लास्टिक कोनात पाईपचा तुकडा उभा करून वर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा चढवला की काम होतं. एक मुलगा मारेल, दुसरा बॉल ठेवेल, तिसरा फक्त पाय बघेल आणि बोलेल. बघणारा मुलगा मारणाऱ्याइतकंच शिकतो असा माझा अनुभव आहे. आणि बॅट फिरतेय तिथून बाकीची मुलं लांब बसवा, एवढं सांभाळा.

प्रश्न: हायस्कूल व्हार्सिटीला (शाळेच्या मुख्य टीममध्ये) आहे, टेक्सास. फास्टबॉल ठीक मारतो पण चेंजअपला (फास्टबॉलसारखाच हात फिरवून मुद्दाम हळू टाकलेल्या बॉलला) नेहमी लवकर जातो. पाय उशिरा टाकून पाहिला तर आता फास्टबॉलला पण उशीर व्हायला लागला.
(दहावीतला एक बॅटर)

उत्तर: पाय परत होता तिथे आण, आजच. 82 मैलांचा फास्टबॉल आणि 72 चा चेंजअप यांच्यात प्लेटवर पोचायला साधारण 0.06 सेकंदांचा फरक आहे, तेवढ्यात पायाची वेळ बदलणं कोणालाच जमत नाही. पाय कायम फास्टबॉलच्या वेळेला टाकायचा. पुढे जे थांबायचं ते पाय पडल्यानंतर. पाय खाली, हात मागे, पुढचा गुडघा अजून वाकलेला, आणि बॉल हळू येतोय हे कळलं की त्या गुडघ्यात तू आणखी किंचित बसू शकतोस, शरीर थोडं पुढे सरकलं तरी हात मागे असतील तर बॅट अजून तुझ्याकडे आहे.

इचिरो सुझुकी आठव, 2004 मध्ये 262 हिट्स (ज्यांवर बॅटर सुखरूप बेसवर पोचतो असे फटके) मारले, एका सीझनमध्ये याहून जास्त आजपर्यंत कोणी मारलेले नाहीत. त्याचं शरीर तर उघड उघड पुढे जायचं, वजन पुढच्या पायावर जायचं, कोच लोक मुलांना जे करू नका म्हणतात ते सगळं. पण हात? हात शेवटपर्यंत मागेच. म्हणून त्याला हळू बॉल पण सापडायचे. त्याचं बाकीचं उचलू नकोस, ते त्याच्या पायांच्या वेगासाठी आणि त्याच्या तोलासाठी होतं, हातांचं मात्र बघून ठेव.

सरावात मित्राला पुढून, जाळीच्या मागे बसून, बॉल टाकायला सांग, कधी जोरात, कधी हळू, न सांगता, आणि हात फिरवायची त्याची गती दोन्हीला सारखी हवी. तो हळू टाकताना हातही हळू फिरवत असेल तर तू हात वाचून मारशील आणि सरावाचा काही फायदा होणार नाही. सुरुवातीला हळू बॉल सेकंड बेसच्या डोक्यावरून उजवीकडे मारायचा एवढंच ठेव.

प्रश्न: स्ट्राइडमध्ये पाय बॉक्सच्या (बॅटर उभा राहतो त्या आखलेल्या चौकटीच्या) बाहेर गेला तर आउट देतात का? आमच्या मैदानावर बॉक्समध्ये मोठा खड्डा पण झालाय.
(अमरावती)

उत्तर: बॉक्स 4 फूट बाय 6 फुटांचा असतो. बॉल बॅटला लागला त्या वेळी एखादा पाय जमिनीवर पूर्णपणे बॉक्सच्या बाहेर टेकलेला असेल तर आउट. पायाचा थोडा भाग जरी रेषेवर असला तरी चालतं, रेषा बॉक्सचाच भाग आहे. पाय बाहेर जातोय म्हणजे बहुतेक वेळा एकतर फार पुढे उभे राहताय किंवा पाऊल फार मोठं टाकताय, तेव्हा आधी अर्धं पाऊल मागे उभं राहून बघा.

खड्डा मात्र हलक्यात घेऊ नका. पुढचा पाय खड्ड्यात पडला की शरीर खाली जातं, डोळे खाली जातात आणि बॉल बॅटच्या वरून जातो, आणि मुलं म्हणतात स्विंग बिघडला. सामन्याआधी खड्ड्यात ओली माती भरून धुमुसाने ठोकून घ्या, नुसती कोरडी माती लोटली तर दुसऱ्या इनिंगला परत तेच. बॅटिंगला गेल्यावर पण पंचांकडे हात करून वेळ मागा, पायाने जागा सपाट करा आणि मगच उभे राहा.